पुसला की चार दिवसांनी परत येणारा कोड: चेक इंजिनच्या दिव्याचं मूळ कसं शोधायचं

स्कॅनर लावला, कोड आला, पुसला, दिवा गेला. तीन-चार दिवस गाडी छान चालली आणि पाचव्या दिवशी तोच पिवळा दिवा पुन्हा डॅशबोर्डवर. मग कोणी सांगतं ऑक्सिजन सेन्सर बदला, कोणी म्हणतं पेट्रोल खराब असेल, कोणी म्हणतं गाडी चालतेय ना, मग कशाला काळजी करता. या फेऱ्यात मी जवळजवळ पाच महिने अडकलो होतो. त्यातून बाहेर पडताना जे हाती लागलं ते सविस्तर मांडतोय, कारण या त्रासात पैसा भलत्याच पार्टवर जातो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

माझा कोड होता पी ०१७१. अर्थ असा की बँक १ चं (सिलिंडरांच्या पहिल्या गटाचं) मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. पहिल्यांदा दिवा आला तेव्हा गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला. कोडची माहिती त्या सेन्सरकडून येते, म्हणून तोच बिघडलाय असं धरलं गेलं. खरं तर सेन्सर आपलं काम चोख करत होता. एक्झॉस्टमध्ये गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन येतोय हे त्याने पाहिलं आणि कळवलं. नवा सेन्सर बसला आणि सहाव्या दिवशी त्यानेही तेच कळवलं.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवायला हवी. कोड म्हणजे कॉम्प्युटरने पाहिलेलं लक्षण. कुठला पार्ट बदलायचा हे तो सांगत नाही. पी ०१७१ च्या मागे फुटका व्हॅक्यूम पाइप असू शकतो, मळलेला मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असू शकतो, दमलेला पेट्रोल पंप, चोंदलेले इंजेक्टर, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला पडलेली चीरही असू शकते. या सगळ्यांचा कोड एकच येतो.

कोड वाचायचा कसा, हे थोडक्यात. पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे कॉम्प्युटरांमधला संवाद. पुढचा आकडा ० असेल तर तो सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. त्यानंतरचा आकडा बघा: १ आणि २ म्हणजे इंधन आणि हवा, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं), ४ म्हणजे प्रदूषण नियंत्रण. कंपनीचा स्वतःचा कोड असेल तर त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. तोच आकडा दुसऱ्या कंपनीच्या गाडीत अगदी वेगळं सांगत असतो.

पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्या

माझे पहिले तीन महिने इथेच वाया गेले. कोड पक्का होतो त्या क्षणी कॉम्प्युटर इंजिनची स्थिती साठवून ठेवतो: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, फ्युएल ट्रिम (पेट्रोल कमी-जास्त करायची दुरुस्ती, पुढे सांगतो). याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही पुसली जाते. दर वेळी गॅरेजमध्ये आधी कोड पुसला जायचा आणि नंतर तपासणी सुरू व्हायची. म्हणजे दोष नेमका कधी होतो हे सांगणारा एकमेव पुरावा आधीच नाहीसा झालेला असायचा.

चौथ्या वेळी मी स्वतःचा स्कॅनर घेतला. मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा अडॅप्टरही चालतो, फक्त त्याच्या अॅपमध्ये फ्रीझ फ्रेम आणि लाइव्ह डेटा दिसायला हवा. नुसता कोड दाखवून पुसणारं उपकरण या कामासाठी अपुरं आहे. स्कॅनर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लागतो.

पुढच्या तीन वेळच्या फ्रीझ फ्रेम मी वहीत उतरवल्या. तिन्हींमध्ये इंजिन पूर्ण तापलेलं, वेग १५ ते २५ च्या दरम्यान, आरपीएम १,६०० च्या आसपास आणि लोड ७० टक्क्यांच्या वर. म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावत चढ चढत होती. आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, उभी असताना किंवा सपाट रस्त्यावर वेगात असताना हा दोष एकदाही नोंदला गेला नव्हता. गॅरेजमध्ये मात्र गाडी नेहमी न्यूट्रलमध्ये उभी करून तपासली जायची.

फ्युएल ट्रिम वाचायला शिका

हा भाग पेट्रोल इंजिनांसाठी आहे. डिझेल मुळातच लीन चालतं, त्याला हे गणित लागू नाही.

पेट्रोलच्या १ भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण कॉम्प्युटर सांभाळायला बघतो. ऑक्सिजन सेन्सरने लीन सांगितलं की तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडतो, रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, सांगितलं की कमी. हा बदल टक्क्यांत दिसतो. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे या क्षणीची दुरुस्ती, लाँग टर्म ट्रिम म्हणजे शिकून मुरलेली दुरुस्ती. दोन्हींची बेरीज बघायची. अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालवून घेता येतं. ही बेरीज अधिक २० ते २५ च्या पुढे टिकली की बहुतेक गाड्या पी ०१७१ टाकतात.

म्हणजे दिवा लागायच्या कितीतरी आधी ट्रिम हळूहळू वर सरकत असतो. कोड पुसला की लाँग टर्म ट्रिमही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतो, कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागतो आणि मर्यादेपर्यंत पोचायला त्याला काही दिवस लागतात. ‘चार दिवसांनी परत येतो’ याचं उत्तर हे आहे. त्या चार दिवसांत गाडी बरी झालेली नसते.

ट्रिम तीन ठिकाणी बघावा: गरम इंजिन आयडलवर, मग उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला, मग रस्त्यावर लोड देऊन. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबू नका. तेव्हा बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि ट्रिमला अर्थ उरत नाही.

आयडलवर ट्रिम खूप जास्त आणि २,५०० ला तो उतरतोय, तर थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठेतरी व्हॅक्यूम लीक आहे. आयडलला मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतली) ओढ जोरदार आणि एकूण हवा कमी, म्हणून बाहेरून शिरलेल्या थोड्या हवेचाही वाटा मोठा ठरतो. पीसीव्हीचा (इंजिनमधल्या वाफा परत ओढून घेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप आणि इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट ही नेहमीची ठिकाणं. गॅस्केटचा लीक कधीकधी फक्त थंड इंजिनात असतो, तापून प्रसरण झालं की बंद होतो. त्यामुळे सकाळच्या पहिल्या स्टार्टचा डेटा वेगळा घ्यावा.

आयडलला ट्रिम ठीक पण लोड वाढेल तसा चढत जातोय, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय, नाहीतर मॅफ सेन्सर हवा कमी मोजतोय. पुरवठ्यासाठी फ्युएल प्रेशर गेज लावून, गाडी लोडवर असताना मोजायला हवं. मॅफसाठी ढोबळ ताळा असा की गरम इंजिनाच्या आयडलला ग्रॅम प्रति सेकंद हा आकडा इंजिनाच्या लिटरमधल्या क्षमतेच्या जवळ असतो. दीड लिटरच्या इंजिनाला दीड-दोन ग्रॅम. सेन्सर मळला असेल तर फक्त मॅफसाठीच मिळणारा क्लीनर लांबून मारावा, तारेला बोट किंवा ब्रश लावू नये. ती तार केसासारखी नाजूक असते.

तिन्ही ठिकाणी ट्रिम सारखाच चढलेला असेल तर इंजेक्टर आणि फ्युएल प्रेशरकडे आधी वळावं. एक्झॉस्टची चीरही विसरू नका. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी ती बाहेरची हवा आत ओढते आणि सेन्सरला खोटं लीन दाखवते.

काही गाड्यांत मॅफ नसतो, हवेचा हिशोब मॅप सेन्सरवरून (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) होतो. तिथे व्हॅक्यूम लीकचा परिणाम ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलमध्ये जास्त दिसतो. टर्बो गाडीत टर्बोच्या पुढचा पाइप फुटला तर बूस्टखाली मोजलेली हवा बाहेर पडते आणि मिश्रण उलट रिच होतं. गाडी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालत असेल तर ट्रिम दोन्हींवर वेगवेगळा बघा. गॅस किटचं ट्यूनिंग बिघडलं असेल तर तिथे शिकलेला चुकीचा ट्रिम पेट्रोलवरही चिकटून राहू शकतो.

माझ्या गाडीत काय निघालं

आयडलला अधिक ४, २,५०० ला अधिक ३, चढावर अधिक २२. वरच्या नियमाने पेट्रोल कमी पडतंय असा अर्थ निघत होता, म्हणून फिल्टर बदलला आणि गेज लावून चढावर प्रेशर मोजलं. प्रेशर अगदी ठाम. मॅफ साफ केला, आयडलचा आकडाही बरोबर. तरी ट्रिम जिथल्या तिथे.

मग एक दिवस पार्किंगच्या उतरंडीवरून गाडी रिव्हर्समध्ये वर घेताना मोबाइलवरचा लाइव्ह डेटा चालू राहिला होता. तसाच चढ, तितकाच लोड आणि ट्रिम अधिक ५! पुढच्या गिअरमध्ये २२, मागच्या गिअरमध्ये ५. पेट्रोल पंपाला गिअर कळत नाही. इंजिनला मात्र कळतो, कारण लोडखाली ते माउंटिंगवर (इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांवर) एका बाजूला पिळतं आणि रिव्हर्समध्ये उलट बाजूला.

मॅफपासून थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप, घड्या-घड्यांचा असतो तो, सोडवून हातात घेतला. नुसता बघितला तर ठणठणीत दिसत होता. घड्या अंगठ्यांनी ताणल्यावर खालच्या बाजूच्या एका खाचेत दोन बोटं रुंद चीर उघडली. इंजिन पुढच्या गिअरमध्ये पिळलं की ही चीर उघडायची, न मोजलेली हवा आत जायची. न्यूट्रलमध्ये घड्या मिटून चीर बंद. शिवाय थ्रॉटलच्या आधीच्या या पाइपात आयडलला ओढ फारच कमी असते, हवेचा प्रवाह वाढेल तशी वाढते. म्हणून व्हॅक्यूम लीकचा नेहमीचा नमुना इथे दिसलाच नाही.

पाइप बदलला, ट्रिम चढावरही ३ वर आला. पण रबर फाटलंच का, हा प्रश्न सोडवल्याशिवाय मला चैन पडेना. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, समोर कोणी उभं नाही हे बघून मेकॅनिकने क्लच हलकासा सोडला आणि मी बाजूला उभा राहून पाहिलं. इंजिन चांगलंच उचलल्यासारखं हललं. वरच्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं. ते तसंच ठेवलं असतं तर नवा पाइपही वर्षभरात फाटला असता आणि मी पुन्हा पी ०१७१ घेऊन बसलो असतो. परत परत येणाऱ्या दोषात बदललेला पार्ट कशामुळे गेला हे विचारल्याशिवाय बॉनेट बंद करू नये, असं माझं ठाम मत झालंय.

लीक शोधण्यासाठी काही जण चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम बदलतो का बघतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही फवारा मारणं मला पटत नाही. स्मोक मशीनने, इंजिन बंद ठेवून, धूर कुठून निघतो ते बघणं सुरक्षित आहे. मात्र पाइप हाताने हलवत, ताणत बघा, नाहीतर माझ्यासारखी चीर धुरातही सुटेल.

दिवा लुकलुकत असेल तर

स्थिर दिवा असेल तर सावकाश तपासायला वेळ आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागाला) इजा करणारा मिसफायर चालू आहे. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि त्याचा आतला भाग वितळू शकतो. तेव्हा पाय हलका करा, सुरक्षित जागी थांबा, तशीच गाडी लांब ओढू नका.

मिसफायरच्या कोडमध्ये शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो: पी ०३०१ म्हणजे पहिला, पी ०३०३ म्हणजे तिसरा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा आणि गाडी चालवा. कोड पी ०३०१ झाला तर कॉइल खराब. पी ०३०३ च राहिला तर तसंच प्लगचं करून बघा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कम्प्रेशन मोजा. नवीन काही विकत न घेता होणारी ही चाचणी आहे. पी ०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरवर थांबत नाही. तेव्हा सगळ्यांना सामाईक असणाऱ्या गोष्टी बघाव्या: पेट्रोलचं प्रेशर, व्हॅक्यूम लीक, टायमिंग.

पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आला की कन्व्हर्टर बदला असं लगेच सांगितलं जातं. घाई करू नका. कन्व्हर्टर हा महाग पार्ट आहे आणि तो सहसा स्वतःहून मरत नाही. मिसफायर, ऑइल जाळणारं इंजिन किंवा दीर्घकाळ चुकलेलं मिश्रण त्याला मारतं. आधी एक्झॉस्टला चीर नाही ना ते बघा. मग तापलेल्या इंजिनावर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. नेहमीच्या प्रकारात पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो आणि मागचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकलाय. तरी ज्याने तो थकवला ते आधी दुरुस्त करा.

पी ०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) बहुतेक वेळा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट असतो, पण आधी कूलंटची पातळी बघा. पी ०४५५ (पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती) साठी पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि त्याची रबरी रिंग इथून सुरुवात करा.

एकदम पाच-सहा कोड आले तर

पाच-सहा पार्ट एकाच दिवशी जात नाहीत. आधी बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू इंजिनवर साधारण १३.५ ते १४.७. कमी व्होल्टेजवर कॉम्प्युटर भलतेच कोड टाकतो. मग अर्थिंग. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनच्या धातूवर, इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी गंजलीय किंवा बोल्ट ढिला आहे.

बरेच सेन्सर ५ व्होल्टची एकच लाइन वाटून घेतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलायला लागतात. इग्निशन चालू ठेवून एकेक सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो दोषी.

तापमानाच्या सेन्सरचा लाइव्ह डेटा उणे ४० अंश दाखवत असेल तर सर्किट तुटलंय, म्हणजे वायर, पिन किंवा सेन्सर. कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडून बघा. आकडा एकदम खूप वर गेला तर वायरिंग ठीक आहे, सेन्सर बदला. हलला नाही तर वायर शोधा. कपलरमध्ये हिरवट गंज आणि मागे सरकलेली पिन या दोन गोष्टी टॉर्चच्या उजेडात नीट निरखा. डेटा चालू ठेवून हार्नेस (वायरांचा जुडगा) हाताने हलवत गेलं तर अधूनमधून येणारा दोष बरेचदा जागेवर सापडतो. सुई टोचून वायरचं आवरण भोसकू नका, तिथून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी नवा कोड येतो.

दुरुस्त झालं हे कसं ठरवायचं

दिवा विझला म्हणजे झालं, असं धरू नका. दोष खरंच गेला असेल तर लागोपाठ तीन बिनदोष फेऱ्यांनंतर (गाडी चालू करून, चालवून, बंद केली की एक फेरी) दिवा आपोआप विझतो आणि साधारण ४० वेळा इंजिन थंडपासून तापल्यावर कोडही स्मृतीतून जातो. पुसलात तर रेडिनेस मॉनिटर (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या झाल्या की नाही ते दाखवणारे) शून्यावर येतात. ते सगळे पुन्हा ‘पूर्ण’ दाखवेपर्यंत कॉम्प्युटरने तपासणीच केलेली नसते. थंड स्टार्ट, काही मिनिटं आयडल, शहरातली ये-जा, स्थिर वेगात दहा-पंधरा मिनिटं आणि ब्रेक न लावता वेग उतरू देणं, असं दोन-चार दिवस चालवलं की बहुतेक मॉनिटर पूर्ण होतात.

शेवटी पेंडिंग कोड बघा. बरेच दोष पहिल्या फेरीत पेंडिंग म्हणून नोंदले जातात आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तरच दिवा लावतात. आणि ज्या परिस्थितीत फ्रीझ फ्रेम नोंदली गेली होती, नेमक्या त्याच परिस्थितीत गाडी चालवून ट्रिम मोजा. मी तोच चढ, तोच दुसरा गिअर, तोच १,६०० आरपीएम घेऊन तीन वेळा गेलो. वहीत २, ३ आणि ३ असे आकडे आहेत. माउंटिंग बदलून आता चौदा महिने झाले, दर महिन्याला एकदा त्याच चढावर ट्रिम लिहून ठेवतो, आणि तो अजून ४ च्या वर गेलेला नाही.